आगाऊपणाचे त्रेचाळीस शब्द

आमच्या दुकानात आकडा तोंडाने उच्चारायचा नाही, असा नियम आहे. दुकान शिवणकामाचं. आई कापड बेतते, मावशी मापं घेते आणि शिवते, आणि गेल्या वर्षापासून मापाची वही मी लिहिते. माप घेताना टेपवर जिथे आकडा येतो तिथे मावशी अंगठ्याचं नख दाबून धरते आणि टेप माझ्याकडे वळवते. मी बघायचं, लिहायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. मावशी म्हणते, माणूस आपलं वय सांगेल, पगार सांगेल, घरातलं भांडणसुद्धा सांगेल, पण कंबर सांगणार नाही. ती मोजू दिली म्हणजे त्याने आपल्यावर विश्वास टाकला.

हा नियम मी मोडला. कसा ते सांगते, पण त्याआधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी जन्मतःच अशी आहे.

आठवीपर्यंत मी जवळजवळ मुकी होते. वर्गात बाईंनी हाक मारली की माझी दातखीळ बसायची. हजेरीच्या वेळीसुद्धा मी शेजारणीला कोपर मारायचे आणि तीच माझ्या वतीने हजर व्हायची. मग नववीत मराठीच्या बाईंनी मला न विचारता माझं नाव वक्तृत्व स्पर्धेत घालून टाकलं. मी घरी येऊन भोकाड पसरलं. आई म्हणाली, चिठ्ठी लिहून देते, ताप आहे म्हणून सांग. मावशी म्हणाली, ताई, थांब जरा. तिने मला दुकानातल्या कपडे घालून बघायच्या खोलीत उभं केलं, पडदा ओढला आणि बाहेर जाऊन बसली.

"बोल," ती म्हणाली. "तुला कोणी बघत नाहीये. मीही नाही. मी काजं करतेय."

तीन आठवडे रोज संध्याकाळी मी पडद्याआड उभी राहून आरशातल्या मुलीला भाषण दिलं. बाहेरून मावशीचा आवाज यायचा. शेवटचा शब्द गिळलास, परत. घाई कसली, गाडी चुकतेय का, परत. आता बरं झालं, पण परत.

मी पहिली आले. आणि तेव्हापासून जे तोंड उघडलं ते उघडलंच. वर्गात मी बोलते, बसमध्ये बोलते, दात घासताना बोलते. बाबा फिरतीच्या नोकरीवर असतात, त्यांचा फोन आला की पहिली पंधरा मिनिटं माझी. आई मावशीला म्हणायची, नळ सुरू केलास तू, आता तोटी कुठे आहे तेवढं दाखव.

मावशीला तोटी सापडली नाही, पण तिच्याकडे शब्द होते. मी काही नको ते बोलले की ती मान वर न करता एकच शब्द टाकायची, आणि तो त्या बोलण्याला अगदी अंगाबरोबर बसायचा. औषधाच्या दुकानवाल्या काकूंना मी सांगितलं की हा रंग तुमच्यापेक्षा तुमच्या मुलीला शोभेल. त्या गेल्यावर मावशी म्हणाली, "फटकळ." मी वाद घातला, आगाऊ का नाही? तर म्हणाली, आगाऊ म्हणजे न विचारता बोलणं. काकूंनी तर विचारलं होतं, कसा दिसतो म्हणून. तू खरंच सांगितलंस, पण थोबाडीत दिल्यासारखं. ते फटकळ.

असं तिचं असायचं. दोन माणसं आपसात बोलत असताना मी मध्येच घुसले तर चोंबडी. एका बाईला मूल का नाही ते विचारलं तेव्हा भोचक, आणि तो शब्द टाकताना मावशीचा आवाजही बदलला होता, त्यामुळे तो प्रश्न मी पुन्हा कोणालाच विचारला नाही. स्वतःच्याच विनोदाला स्वतःच हसले की पाचकळ. एकदा एका आजींशी मी हवापाण्यापासून त्यांच्या सुनेच्या गुडघेदुखीपर्यंत पाऊण तास बोलले, तेव्हा मावशी म्हणाली, अघळपघळ. आणि वर म्हणाली, हा शब्दच बघ कसा ढगळ झग्यासारखा आहे, कुठे धरावा कळत नाही.

खरं सांगते, मला ते शब्द आवडायचे. कधी कधी मी मुद्दाम वाकडं बोलायचे, नवीन एखादा मिळतो का बघायला.

आता घड्याळजी. त्यांचा गाळा आमच्यापासून चार दुकानं सोडून, कोपऱ्यावर. गाळा कसला, उभं कपाट. आत एक स्टूल, एक माणूस आणि भिंतभर घड्याळं. तीन-चार महिन्यांनी ते आमच्याकडे यायचे, बरोबर सव्वापाचला, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात सव्वापाचच म्हणायचे. हातात तोच करडा कोट. आज बाही जरा लांब वाटतेय. आज कंबरेत जरा सैल झालाय. आज जरा आवळतोय. मावशी म्हणायची, बघू. मग खांद्यापासून सुरुवात करून सगळी मापं घ्यायची, जसं काही हे गिऱ्हाईक दुकानात पहिल्यांदाच आलंय. बोलणं फारसं नसायचं. ते म्हणायचे, तुमच्या मशीनचा आवाज आज वेगळा येतोय. ती म्हणायची, तेल घातलं. झालं, संपला संवाद. मग कोट आठ दिवस हँगरवर. मी स्वतः पाहिलंय, मावशी त्याची एक शिवण उसवायची आणि तीच शिवण त्याच जागी पुन्हा घालायची. आठवड्याने ते यायचे, घालून बघायचे आणि म्हणायचे, आता बरोबर झाला.

हे सगळं मी बघत होते, पण बघणं आणि कळणं यात फरक असतो. माझी ट्यूब पेटली ती एका शनिवारी. दुकान भरलेलं होतं. औषधवाल्या काकू होत्या, त्यांच्याबरोबर त्यांची जाऊ होती, बाकावर दोन कॉलेजच्या मुली बसल्या होत्या. घड्याळजी आले. मावशीने त्यांच्या छातीभोवती टेप लावला, नख दाबलं, टेप माझ्याकडे वळवला. मी वहीत लिहायला गेले तर त्यांचं पान भरलेलं. नवीन पान काढायच्या आधी मी सहज वरपासून खाली नजर टाकली. अकरा ओळी. वरच्या सात आईच्या अक्षरात, खालच्या चार माझ्या. तारखा वेगळ्या, आकडे तेच. तीन वर्षांत एक सूत इकडचं तिकडे नाही.

मला वाटलं मी शोध लावला. आणि शोध लागल्यावर माणूस गप्प कसा बसेल?

"काका," मी म्हणाले, आणि स्पर्धेत बोलते तशी खणखणीत बोलले, शेवटचा एकही शब्द न गिळता, "अकरा वेळा मापं घेतली आणि अकरा वेळा तीच आली. छाती अडतीस, कंबर चौतीस. तुम्ही माप द्यायला येता की मावशीला भेटायला?"

आधी काकूंना हसू फुटलं, आणि त्यांची जाऊ म्हणाली, "मग बरंच लांबलंय म्हणायचं माप." त्या दोन मुली एकमेकींच्या खांद्यात तोंड लपवून हसायला लागल्या.

टेप अजून त्यांच्या छातीभोवतीच होता आणि त्याची दोन्ही टोकं मावशीच्या हातात. तिने ती सोडली. टेप घसरत घसरत त्यांच्या बुटांवर जाऊन पडला. घड्याळजींनी वाकून तो उचलला, नीट गुंडाळला आणि टेबलावर ठेवला. कोटाची उलटीसुलटी घडी करून तो काखेत मारला. "येतो," म्हणाले, आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

त्या संध्याकाळी आईने मला फैलावर घेतलं. तुझ्या जिभेला काही हाड? कुठे उभं राहून आपण काय बोलतोय याची काही पाचपोच? आईचा तोंडाचा पट्टा सुरू झाला की तो संपेपर्यंत भाजी करपते, त्या दिवशी भातही करपला. शेवटी तिने माझ्याकडून वचन घेतलं, या विषयावर पुन्हा अवाक्षर काढणार नाही म्हणून. मी दिलं. ते सगळं मला चाललं. मला भीती वाटत होती ती मावशीची, म्हणजे तिच्या शब्दाची. एवढ्या मोठ्या गाढवपणाला ती काय म्हणणार, याची मी जीव मुठीत धरून वाट बघत होते.

तिने काहीच म्हटलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. माझ्याशी अबोला धरला असता तरी परवडलं असतं, पण तसंही नाही. जेवलीस का, वही दे, पंख्याचा वेग कमी कर, सगळं नेहमीसारखं. मी मुद्दाम तोंड सोडून बघितलं. पोस्टमनला म्हणाले, तुमच्या मिशा एका बाजूला जास्त आहेत. मावशी काजं करत राहिली. चौथ्या दिवशी मला राहवेना. मी तिच्या पायाशी बसून एकेक शब्द पुढे करायला लागले. आगाऊ? आचरट? तोंडाळ? वाचाळ? सांग ना, यातलं कुठलं?

"दोरा दे," मावशी म्हणाली. "पांढरा नको, करडा."

सव्वापाच वाजले की ती मशीन थांबवायची. बॉबिन बदलायची वेळ झाली असं दाखवायची. बॉबिन अर्धी भरलेली असायची, मी रोज बघायचे. रस्त्याकडे ती बघायची नाही, पण कान तिकडे असायचे. कोणी पायरी चढलं की तिचे हात थांबायचे, आणि मग आत आलेल्या माणसाला ती इतक्या हळू 'या' म्हणायची की त्याला ऐकूसुद्धा जायचं नाही.

शाळेच्या वाचनालयात दोन विटांएवढा जाड शब्दकोश आहे. मी मधल्या सुट्टीत तो घेऊन बसायला लागले. मावशी शब्द देत नाही तर मीच शोधून काढेन, असं काहीतरी डोक्यात होतं. आठ दिवसांत नको तिथे नको ते बोलणाऱ्या माणसाचे त्रेचाळीस शब्द निघाले. त्यातला वावदूक मला फार आवडला. मी बाईंना विचारलं, बाई, वावदूक म्हणजे माझ्यासारखी का? बाई म्हणाल्या, थोडीशी. मग मला उलटं सुचलं. जिथे बोलायलाच हवं तिथे जो बोलत नाही, त्याला काय म्हणतात? तर मुखदुर्बळ, घुमा आणि भिडस्त. संपलं. त्यातलं भिडस्त तर लोक कौतुकानेच म्हणतात, म्हणून मी तो अर्धाच धरला. बोलून वाट लावणाऱ्याला त्रेचाळीस शब्द आणि न बोलून वाट लावणाऱ्याला अडीच. मला हा अन्याय वाटला, पण सांगणार कोणाला? मी आईला वचन दिलेलं.

वचन घरात बोलायचं नाही याचं होतं, असा मी सोयीस्कर अर्थ काढला आणि एका दुपारी शाळेतून येताना घड्याळजींच्या गाळ्यापुढे उभी राहिले. माफीचं भाषण पाठ होतं, अडीच मिनिटांचं. सुरुवात छान होती. पण आत बघितलं आणि मी सुरुवातच विसरले. भिंतीवरची घड्याळं गेली होती. जिथे ती होती तिथे फिकट गोल राहिले होते. खाली दोन खोकी दोरीने बांधून ठेवलेली. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून कोणाचं तरी शेवटचं मनगटी घड्याळ दुरुस्त करत होते.

मी एवढंच म्हणाले, "काका, चुकलं माझं."

त्यांनी भिंग काढलं. त्यांच्या डोळ्याभोवती त्याची गोल खूण उमटली होती. "तू खोटं काही बोलली नाहीस," ते म्हणाले.

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. शेजारच्या मोबाइलवाल्याला दुकान वाढवायचं होतं, मालकाने गाळा त्याला दिला. त्यांची बहीण दूर गावी असते, दोन गाड्या बदलून जावं लागतं, तिच्याकडे निघालेत, तीस तारखेला. हे आधीपासूनच ठरत होतं, तुझ्यामुळे नाही, असं ते दोनदा म्हणाले. दोनदा म्हणाले म्हणून मला जास्त लागलं.

"मग जायच्या आधी एकदा तरी दुकानात या ना," मी म्हणाले.

"आता कसा येऊ?" ते म्हणाले. "कोट सैल होता तोवर येता येत होतं. आता पायरी चढलो की सगळ्यांना कळणार, कशासाठी चढलो." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "त्या दिवशी त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. त्यांना लाज वाटली असणार."

माझ्या जिभेवर आलं होतं. लाज नाही हो काका, ती रोज सव्वापाचला मशीन बंद करते, अर्धी भरलेली बॉबिन काढून तीच परत घालते. एवढं बोलले असते तर काम झालं असतं, निदान मला तसं वाटत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा मला असं झालं की वाक्य माझं नाहीये. खरं आहे, माझ्यापाशी आहे, पण ते मावशीचं आहे. मी एवढंच विचारलं, तुम्ही जाताय हे मावशीला सांगू का? त्यांनी भिंग परत डोळ्याला लावलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मुखदुर्बळ. मला इतका राग आला आणि त्यांची इतकी दया आली की मी भाषण, दप्तर आणि स्वतःला घेऊन पळतच दुकानात आले.

त्या दिवशी सत्तावीस तारीख होती. आई अस्तरं आणायला बाजारात गेली होती. मावशी एका फ्रॉकला कच्चे टाके घालत होती. मी वचन मोडायचं ठरवलं आणि एका दमात सांगून टाकलं, गाळा गेला, तीस तारखेला ते चालले.

"माहीत आहे," मावशी म्हणाली.

"माहीत आहे?"

"औषधवाल्या बाईंनी मागच्याच आठवड्यात सांगितलं."

"मग तू इथे काय करतेयस?"

"टाके घालतेय."

मी तिच्या हातातला फ्रॉक काढून घेतला. असं मी कधी केलं नव्हतं, शिवणाऱ्या माणसाच्या हातातून कापड ओढायचं नाही हेही आमच्याकडे नियमासारखंच आहे. मी म्हणाले, ते विचारणार नाहीत. त्यांना वाटतंय तुला लाज वाटली. तू विचार.

"काय विचारू?"

"जे ते तीन वर्षं विचारत नाहीयेत ते."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता येणार, इतके दिवस अडलेला तो शब्द आता येणार. पण ती फार हळू बोलली. "मला नाही गं येत बोलायला. तुला वाटतं मी तुला शिकवलं. तू पडद्याआड बोलायचीस तेव्हा मी बाहेर बसून विचार करायचे, ही इतकी कशी बोलते? मी तुझ्या वयाची असताना मला कोणी पडद्याआडसुद्धा उभं केलं नाही. मग पुढे सवयच झाली. गप्प बसलं की चूक होत नाही. लोक म्हणतात, किती समंजस." मग म्हणाली, "त्या दिवशी तू बोललीस ना, तेव्हा मला सगळ्यात आधी काय वाटलं सांगू? सुटले, असं वाटलं. आता हे काहीतरी बोलतील, असं वाटलं. म्हणून मी मान खाली घातली, त्यांना सोपं जावं म्हणून. आणि ते गेले."

मी फ्रॉक तिच्या मांडीवर परत ठेवला. दोन टाके ओढाताणीत निघाले होते, ते तिने पुन्हा घातले.

अठ्ठावीस तारीख तशीच गेली, एकोणतीसही. मी शाळेत बसून फळ्यावरची तारीख बघत होते. तीस तारखेला अर्धी शाळा होती. दुपारचे साडेतीन झाले असतील, आई कापड बेतत होती, मी खडूने खुणा करत होते, मावशी एका पँटला टीप मारत होती. मशीनचा आवाज मध्येच थांबला. टीप अर्धीच होती, सुई कापडात रुतलेली. मावशी उठली, चपला घातल्या आणि म्हणाली, "ताई, आलेच."

आणि चालायला लागली. गळ्यात टेप तसाच. टेपची दोन्ही टोकं चालताना हलत होती, लोक वळून बघत होते, आणि ती सरळ कोपऱ्याकडे चालली होती, पाठ ताठ करून, स्टेजवर चढताना मी जशी चालले होते तशी. मी ओरडणार होते, मावशी, टेप. आईने खडूने भरलेला हात माझ्या तोंडावर ठेवला.

"जाऊ दे," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. म्हणजे आईलाही सगळं ठाऊक होतं. आमच्या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि अळीमिळी गुपचिळी चालली होती.

मावशी दीड तासाने आली. चेहऱ्यावरून काही कळेना. तिने माठातलं पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायली. आई हातातली कात्री खाली ठेवायला विसरली होती.

"भेटले?" आईने विचारलं.

"भेटले. सामान टेम्पोत भरत होते."

"विचारलंस?"

"विचारलं." मावशीने टेप गळ्यातून काढला, तो तिथे आहे हे तिला तेव्हाच कळलं बहुतेक. "रस्त्यात उभं राहून विचारलं. टेम्पोवाला ऐकत होता."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, विचार करून कळवतो."

आईने कात्री आपटली. "तीन वर्षं काय करत होता मग तो?"

मावशीला हसू यायला लागलं. आधी नुसतं ओठांवर, मग खांदे हलायला लागले, मग ती स्टुलावर बसून इतकी हसली की तिचं हसू कुठे संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते आम्हाला कळलंच नाही. मी तिची पाठ चोळली. ती म्हणाली, आयुष्यभर केसाएवढे स्क्रू बसवणारा माणूस, त्याला टेम्पोची दोरी बांधता येईना. मीच बांधली. म्हणाले, एवढ्या मोठ्या गोष्टीचं उत्तर असं उभ्या उभ्या देऊ नये, आणि देताना चुकायला नको. दुकानाचा नंबर घेतला. दोनदा लिहून घेतला, एकदा कागदावर आणि एकदा हातावर. साडेसहाची गाडी होती.

मग तिने अर्धी राहिलेली टीप पूर्ण केली.

याला आज सोळा दिवस झाले. माझ्याकडे त्या माणसासाठी एक वाक्य तयार आहे, तीन मिनिटांचं, त्यात मी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस शब्द वापरलेत, पण पत्ता नाही. बहिणीचं गाव कोणतं हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही, मलासुद्धा नाही. मावशी मात्र बदललीये. औषधवाल्या काकूंनी परवा डोळा बारीक करून विचारलं, काय, काही कळलं का तिकडचं? पूर्वी ती सुईत दोरा ओवत बसली असती. आता सरळ बघून म्हणाली, नाही कळलं, वाट बघतेय. काकूंनाच कुठे बघावं कळेना.

दुकानाचा फोन सुयांच्या डबीशेजारी असतो. तो वाजला की आधी मी झेप घ्यायचे. आता घेत नाही, कारण एकदा असा फोन घेतला तेव्हा मावशीचा चेहरा मी बघितला. आता वाजला की आई बेतायची थांबते, मी वहीत नाक खुपसते. मावशी धावत नाही. हातातली टीप शेवटापर्यंत नेते, दोरा कापते, आणि मगच उठते. तेवढ्यात चार वेळा वाजून होतं, पाच वेळा. प्रत्येक वेळी मला वाटतं, बंद होईल, बंद होईल.

आज दुपारी वाजला. मावशीने टीप संपवली, उठली, पदराला हात पुसले आणि घेतला. अस्तरवाला होता. करडं अस्तर आलंय म्हणाला, किती मीटर ठेवू? मावशी त्याच्याशी इतकी गोड बोलली, घरी सगळे कसे आहेत, मुलगी पास झाली का, खोकला गेला का, की तो बिचारा चकित झाला असणार. मग तिने फोन जागेवर ठेवला, खिडकीचा पडदा बाजूला करून एकदा रस्त्याकडे बघितलं, उघडपणे, आणि दुसरी टीप मारायला बसली.